नोकरी गेली, भत्ता आला, आणि मग नोटीस

मागच्या अंकात ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, बेरोजगारी भत्त्यावर चार ओळी काय छापल्या, पत्रांचा ढीगच पडला. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून, काही पोस्टाने, बरीचशी व्हॉट्सॲपवर, आणि काहींनी तर लिहायचा कंटाळा करून अस्सल अहिराणीत व्हॉइस नोटच पाठवली. निम्म्यांचं म्हणणं मला का नाही मिळालं, उरलेल्यांचं म्हणणं दिलेले परत का मागतात. म्हणून या वेळचं सगळं सदर यालाच दिलंय. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवली आहेत.

आधी थोडक्यात, म्हणजे पुढची उत्तरं कळतील. योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाने, ईएसआयसीने, १ जुलै २०१८ पासून सुरू केली, तेव्हा सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के मिळायचे आणि नोकरी जाऊन तीन महिने थांबावं लागायचं, कोरोनात २०२० मध्ये ते ५० टक्के झालं आणि थांबायची मुदत ३० दिवसांवर आली. जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. योजना कायमची नाही, मुदत वाढवत वाढवत चालवतात, म्हणून आपली नोकरी ज्या तारखेला गेली त्या तारखेला योजना चालू होती का हे ईएसआयच्या शाखेत पहिल्यांदा विचारायचं. अजून एक, खाली मी १९४८ च्या ईएसआय कायद्याची कलमं सांगतोय कारण लोकांच्या हातातल्या नोटिसांवर तीच छापलेली आहेत, पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीये, तेव्हा नव्या कागदावर कलमाचा नंबर वेगळा दिसला तर दचकू नका.

प्रश्न (जळगाव एमआयडीसी): भाऊ नमस्कार, मी ठेकेदाराकडे पाइप कंपनीत मशीनवर होतो, पगार १४,६०० होता. ३१ मार्चला आम्हाला कमी केलं. जुलैमध्ये ईएसआयला क्लेम टाकला, १ एप्रिल ते २९ जून असे ९० दिवसांचे २१,६०० खात्यात आले. मधी १० जूनला मी दुसऱ्या कंपनीत लागलो होतो पण तिथला पहिला पगार जुलैत झाला, म्हणून मी समजलो की पगार हातात नाही तोवर आपण बेकारच. आता शाखेतून पत्र आलंय की २० दिवसांचे पैसे परत भरा. पैसे तर पोराच्या फीमध्ये आणि बायकोच्या दवाखान्यात गेले. पैसा वापस देना पडतीन का भाऊ, आणि पोलीस केस होते का?

उत्तर: पैसे द्यावे लागतील दादा, सरळ सांगतो. बेकारी पगाराच्या तारखेला संपत नाही, कामावर हजर झालात त्या तारखेला संपते. १० जून ते २९ जून म्हणजे २० दिवस, तुमचा दर २४० रुपये रोज, म्हणजे ४,८०० रुपये. पूर्ण २१,६०० नाही, हे आधी नीट पत्रात वाचून घ्या, कारण घाबरून माणूस आकडा न बघताच उसनवारीला निघतो. बाकीचे ७० दिवस तुम्ही खरंच बेकार होतात, त्या पैशावर तुमचा हक्क आहे.

कायदा काय म्हणतो तर कलम ७० प्रमाणे हक्क नसताना जो लाभ मिळाला तो परत करायची जबाबदारी घेणाऱ्याची. तिथे तुम्ही मुद्दाम घेतले की गैरसमजातून घेतले हा फरक नाहीये, खर्च झाले का शिल्लक आहेत हाही नाही. आणि तुम्ही दिले नाहीत तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, म्हणजे ज्या वाटेने शेतसारा वसूल होतो त्याच वाटेने. आपल्याकडे शेतकरी सन्मान निधीच्या वेळी अपात्र लोकांना तहसीलमधून नोटिसा निघाल्याच होत्या की, तेव्हा पण गावोगाव लोक म्हणत होते सरकारने दिलेले पैसे सरकार परत घेईल का. घेतं.

पण भरायच्या आधी एक काम करा. नव्या कंपनीने तुमची हजर झाल्याची तारीख काय टाकलीये ते बघा. कितीतरी वेळा माणूस लागतो २० तारखेला आणि ऑफिसमधला पोरगा सगळ्यांची एकदम नोंद करताना १० टाकून मोकळा होतो. आयपी नंबर, म्हणजे ईएसआयचा विमाधारक नंबर, आयुष्यभर एकच असतो, जुन्या ठेकेदाराकडचा आणि नव्या कंपनीतला तोच, म्हणून संगणकाला लगेच दिसतं की भत्ता पण चालू होता आणि हजेरी पण. तुमचं नेमणुकीचं पत्र, गेट पास, हजेरीचा फोटो, पहिल्या महिन्याची पगार स्लिप, यातून खरी तारीख वेगळी निघत असेल तर कंपनीकडून दुरुस्तीचं पत्र घ्या आणि ते उत्तराला जोडा. तारीख खरी १० च असेल तर मग वाद घालू नका.

उत्तर लेखी द्या. त्यात लिहा की माझ्या समजुतीत चूक झाली, १० जूनला हजर झालो, २० दिवसांची रक्कम मान्य आहे, एकरकमी शक्य नाही म्हणून हप्ते पाडून द्यावेत अशी विनंती, आणि पहिला हप्ता अमुक तारखेला भरतो. हप्ते हा हक्क नाही, विनंतीच आहे, पण तोंडी सांगून तर काहीच हातात राहत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पैसे पत्रात सांगितलेल्या पद्धतीनेच भरा आणि पावतीशिवाय एक रुपया पण देऊ नका, आणि ऑफिसच्या बाहेर जो 'दोन हजारात मिटवून देतो' म्हणतो ना, त्याच्याकडे बघू पण नका, तुमचे ४,८०० तसेच राहतील आणि वर दोन हजार गेलेले असतील.

पोलीस केसचं म्हणाल तर ती वेगळी गोष्ट आहे. खोटं आहे हे माहीत असून लाभासाठी खोटं लिहून दिलं तर कलम ८४ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही क्लेमसोबत ॲफिडेव्हिट दिलेलं आहे, त्यात बेकार असल्याचं लिहिलंय, म्हणून हा विषय हलक्यात घेऊ नका. पण पत्र आल्याबरोबर जाऊन खरी तारीख सांगणारा आणि तीन-तीन नोटिसा दाबून बसणारा, या दोघांकडे कोणताही अधिकारी एकाच नजरेने बघत नाही. उद्याच जा.

प्रश्न (भुसावळ): आम्ही दोघी एकाच कंपनीत पॅकिंगला होतो, पगार सारखाच, काढलं पण एकाच दिवशी. तिला २४० रुपये रोज बसला आणि मला १८०. तिची ओळख आहे म्हणून का? आणि हे मला जास्त दिले म्हणून उद्या परत तर मागणार नाहीत ना?

उत्तर: ओळख नाही हो ताई, भागाकार आहे. मागच्या चार अंशदान कालखंडांत तुमच्या नावावर जेवढा पगार लागला त्याची बेरीज करतात आणि तिला ७३० ने भागतात, मग त्याच्या निम्मे. अंशदान कालखंड म्हणजे सहा महिन्यांचे गट, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तुमच्या मैत्रिणीचे २४ महिने भरले, १४,६०० गुणिले २४ म्हणजे ३,५०,४००, भागिले ७३० म्हणजे ४८०, निम्मे २४०. तुम्ही लिहिलंय की मधे बाळंतपण आणि सासूबाईंचं आजारपण मिळून सहा महिने बिनपगारी घरी होतात, म्हणजे १८ महिन्यांचेच २,६२,८०० झाले, पण भागायचं ७३० नेच, म्हणून ३६० आणि निम्मे १८०. मला स्वतःला हा हिशोब बायकांच्या बाबतीत कडू वाटतो, पण तुमच्या शाखेतल्या माणसाने तो बरोबरच केलाय आणि बरोबर दिलेले पैसे कोणी परत मागत नाही.

एक विचारायचं राहिलं असं समजून सांगतो. त्या सहा महिन्यांत बाळंतपणाचा लाभ ईएसआयमधून घेतला होता का? नसेल तर त्याची चौकशी वेगळी करा, ते पैसे या भत्त्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. एवढंच की एकाच दिवसासाठी दोन रोख लाभ घेता येत नाहीत. कामावरच्या अपघातातल्या कायमच्या अपंगत्वाची जी दरमहा रक्कम असते ती मात्र भत्त्यासोबत चालू राहते.

प्रश्न (चाळीसगाव): ठेकेदाराने सांगितलं, राजीनामा लिहून दे मग हिशोब करतो. मी लिहून दिला. काम मी सोडलं नव्हतं, ऑर्डर कमी झाली म्हणून आमच्या शिफ्टची सगळी पोरं घरी बसवली. आता शाखेत म्हणतात तुम्ही स्वतः सोडली, तुम्हाला भत्ता नाही.

उत्तर: सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत आणि सगळ्यात जास्त राग पण मला याचाच येतो. स्वतःहून काम सोडलं, स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर भत्ता नाही. शिस्तभंगाची कारवाई होऊन काढलं तर नाही. टाळेबंदी असेल किंवा बेकायदा ठरवलेला संप असेल तरी नाही. निवृत्तीचं वय झालं तर नाहीच. आणि ठेकेदाराला हे सगळं तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. कमी केलं असं लिहिलं तर त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि वर प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, वर्षात २४० दिवस भरलेल्या माणसाला. राजीनामा घेतला की त्याचे ते वाचतात आणि तुमचा भत्ता पण जातो, एका कागदात दोन शिकारी.

आता काय करायचं. शाखेत जाऊन भांडून उपयोग नाही कारण त्यांच्यासमोर जे दिसतं ते ठेकेदाराने भरलेलं आहे. दर महिन्याच्या भरण्यात ज्याचे दिवस शून्य त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं, त्यात 'लेफ्ट सर्व्हिस' (नोकरी सोडली) असतं, 'रिट्रेंचमेंट' (कामगार कपात) असतं, 'नो वर्क' (काम नाही) असतं. तुमच्यापुढे पहिलं निवडलंय. ते बदलून घ्यायचं. त्यासाठी ठेकेदाराला आणि मूळ कंपनीला दोघांनाही पत्र लिहा की अमुक तारखेला ऑर्डर नाही म्हणून आमची शिफ्ट बंद केली, राजीनामा हिशोबाची अट म्हणून लिहून घेतला, कारण दुरुस्त करा. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. आणि तीच प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात तक्रारीसोबत द्या.

पुरावा कसला म्हणाल तर तुमच्याकडेच आहे, तुम्हीच पत्रासोबत पाठवलाय. शिफ्टच्या ग्रुपवर सुपरवायझरचा मेसेज आहे, 'उद्यापासून बी शिफ्ट बंद, फोन येईल तेव्हा या'. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तारखेचे सगळ्यांचे राजीनामे, एकाच पेनाने, एकाच मजकुराचे. इतक्या जणांना एकाच रात्रीत नोकरीचा कंटाळा कसा आला हे ठेकेदाराला सांगू द्या. मेसेजचा नुसता स्क्रीनशॉट ठेवू नका, फोनमधला मूळ चॅट पण डिलीट करू नका. एकट्याने जाऊ नका, सगळे मिळून एकच तक्रार द्या.

आणि घड्याळ लक्षात ठेवा. नोकरी गेल्यापासून एक वर्षाच्या आत क्लेम यायला हवा. तक्रारीचा निकाल लागेल मग क्लेम टाकू असं करत बसलात तर ते वर्ष असंच निघून जाईल, म्हणून क्लेम आत्ताच टाका आणि सोबत तक्रारीची पोच जोडा. नाकारला तर नाकारल्याचं लेखी घ्या, त्याच्यावर कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं. दिवाणी कोर्टात जाऊ नका, हे विषय तिथे चालतच नाहीत.

प्रश्न (बोदवड): मी जिनिंगमध्ये गेली कितीतरी वर्षं काम करतो. दिवाळीनंतर चालू होतं, उन्हाळ्यापर्यंत कापूस संपला की बंद. मग चार-पाच महिने बेकार. हा भत्ता आमच्यासाठीच पाहिजे ना?

उत्तर: पाहिजे, पण नाहीये. ईएसआय कायदा हंगामी कारखान्यांना लागूच नाही आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाची जिनिंग आणि प्रेसिंग नाव घेऊन लिहिलेली आहे, शेंगा फोडणं, गूळ-साखर, चहा, कॉफी वगैरेंच्या रांगेत. नव्या संहितेत पण हंगामी कारखाना वगळलेलाच आहे. म्हणजे खान्देशात ज्या धंद्यात माणूस दरवर्षी नेमाने बेकार होतो तोच धंदा बेकारीच्या विम्याबाहेर. तुमच्या पगारातून ईएसआय कापलं जातं का ते मात्र बघा. काही मालकांची त्याच आवारात तेलाची मिल किंवा बारमाही चालणारं दुसरं काही असतं आणि नोंद तिथली असते. स्लिपवर कपात दिसत असेल, पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे १४,६०० ला ११० रुपये, तर तुमचा आयपी नंबर आहे आणि मग प्रश्न दिवसांचा उरतो. विमा असलेल्या नोकरीत किमान दोन वर्षं, नोकरी गेली त्याच्या आधीच्या लगेचच्या कालखंडात किमान ७८ दिवसांचा भरणा, आणि त्याच्या मागच्या तीनपैकी कुठल्या तरी एकात ७८ दिवस.

प्रश्न (पाचोरा): माझे पती भत्ता घेत असतानाच वारले. त्यांच्या खात्यात आलेल्या पैशातले काही दिवस मृत्यूनंतरचे आहेत असं पत्र आलंय. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, माझ्या मानधनातून कापतील का?

उत्तर: ताई, तुमच्या मानधनाला हात लावता येत नाही. मृत्यू झाला त्या दिवसापासून भत्ता थांबतो, म्हणून त्या पुढचे दिवस परत मागणं बरोबर आहे, पण कायद्याने वारसाची जबाबदारी फक्त मयताच्या मालमत्तेपैकी जेवढं वारसाच्या हातात आलं असेल तेवढ्यापुरतीच ठेवलीये. त्यांच्या नावावर काही नसेल, खात्यात उरलं नसेल, तर तुमच्या कमाईतून द्यायचा प्रश्न येत नाही. खात्यात ते पैसे तसेच पडून असतील तर मात्र काढून खर्च करू नका, ते परत जाणार आहेत. मृत्यूचा दाखला, पासबुकची प्रत आणि एक साधा अर्ज द्या, त्यात हेच लिहा. त्यांचं आजारपण कामावरच्या अपघातातून आलेलं असेल तर आश्रितांचा लाभ वेगळा मिळतो, ते मला कळवा, त्यावर स्वतंत्र लिहीन.

प्रश्न (अमळनेर, निवृत्त शिक्षक): पुतण्याला भत्ता परत करायची नोटीस आलीये. मी त्याला म्हटलं, भरू नकोस, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जास्तीचे दिलेले पैसे वसूल करता येत नाहीत. आमच्या वेळी वेतननिश्चितीची वसुली याच निकालावर थांबली होती. बरोबर ना?

उत्तर: सर, निकाल खरा आहे पण पुतण्याला लागत नाही. तुम्ही म्हणताय तो पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह, डिसेंबर २०१४. त्यात सरकारी नोकरांच्या काही प्रकारांत वसुली करू नये असं सांगितलं, तृतीय आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ जास्तीचं वेतन मिळत आलेले. तिथे चूक देणाऱ्याची होती, घेणाऱ्याने काही खोटं सांगितलेलं नव्हतं. पुतण्याने स्वतः सही करून बेकार असल्याचं लिहून दिलंय, आणि नोकरीत पगार म्हणून नाही तर विम्याचा लाभ म्हणून पैसे घेतलेत. बरं, २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की जास्तीचे आले तर परत करीन असं हमीपत्र आधी दिलं असेल तर वसुली होऊ शकते, म्हणजे तुमच्या शिक्षक मित्रांनी पण आपापली हमीपत्रं काढून बघावीत. पुतण्याला त्या निकालाच्या भरवशावर गप्प बसवू नका, नोटिशीची मुदत निघून जाईल.

प्रश्न (नरडाणा, जि. धुळे): आमची कंपनीच बंद झाली, गेटवर क्लोजरची नोटीस लागली. ९० दिवसांच्या भत्त्याचा फॉर्म भरला तर कोणी म्हणतंय की थांब, दुसरी मोठी योजना आहे.

उत्तर: जो म्हणाला त्याला चहा पाजा. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना कायद्याप्रमाणे बंद झाला, कामगार कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या कारणाने ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर ती लागते. त्यात जास्तीत जास्त २४ महिने मिळतात, पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. दोन्ही योजना एकाच वेळी नाहीत. म्हणून क्लोजरचा कागद हातात असेल तर आधी या योजनेत बसतो का ते शाखेत लेखी विचारा, घाईने ९० दिवसांच्या फॉर्मवर सही करू नका. क्लोजरच्या नोटिशीचा फोटो तारखेसकट आजच काढा, पावसात ती नोटीस आठवडाभर पण टिकत नाही आणि मग मालक म्हणतो बंद कुठे, दुरुस्ती चालू होती. इथे पण दुसरं काम लागलं की भत्ता थांबतो. २४ महिने मोठा काळ आहे, मधे माणूस सुरतला किंवा चाकणला जाऊन लागतो आणि इकडचं कळवायचं विसरतो, परतफेडीची मोठमोठी पत्रं यातूनच येतात. लागलात त्याच आठवड्यात शाखेला लेखी कळवा.

प्रश्न (रावेर): भत्ता चालू असताना केळीच्या गाडीवर भराईला गेलो तर चालतं का? तिथे ईएसआय वगैरे काही कापत नाहीत, रोख मजुरी असते, कोणाला कळणार?

उत्तर: कळणार की नाही हा प्रश्नच मला विचारू नका. नियमात दुसरीकडे पुन्हा काम लागलं तर भत्ता बंद असं आहे, ईएसआयवालं काम लागलं तर असं नाही. दोन ठिकाणी नोकरी असणाऱ्याला पण दोन्हीकडचं काम गेलं तरच बेकार धरतात. पुढच्या दिवसांचा आगाऊ क्लेम घेतच नाहीत, झालेल्या दिवसांचाच घेतात, कमीत कमी एक महिन्याचा, आणि तो तुकड्यांनी टाकता येतो. मग जे महिने खरंच रिकामे गेले त्यांचाच क्लेम टाका ना. भराईचा सीझन जोरात असेल तर त्या दिवसांत २४० पेक्षा जास्तच सुटतात, त्या दिवसांसाठी ॲफिडेव्हिटवर खोटं लिहायचं कशाला.

प्रश्न (शिरपूर): महाराष्ट्र सरकार प्रत्येक बेरोजगाराला महिना ५,००० देतंय असा मेसेज आलाय, सायबर कॅफेवाला फॉर्मचे २०० रुपये घेतोय. भरू का?

उत्तर: नका भरू. ईएसआयचा भत्ता ज्याची विमा असलेली नोकरी गेली त्यालाच आहे, ज्याला अजून नोकरीच लागली नाही त्याला नाही. राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार नोंदणीच्या वेबसाइटवर नाव नोंदवलं म्हणजे पैसे सुरू होतात असंही नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, त्यात बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीला १०,००० ठरवले, पण ते प्रशिक्षणाचं विद्यावेतन, घरी बसून मिळणारं नाही.

प्रश्न (धुळे, देवपूर): मुलगा अमेरिकेत आहे, नोकरी गेली होती, तिथल्या राज्याने बेकार भत्ता दिला आणि आता ओव्हरपेमेंट म्हणून परत मागताय. तुम्ही इकडचं सांगता, तिकडचं काही माहितीये का?

उत्तर: काका, तिकडे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, पण ढाचा सारखा आहे. बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे, आणि माणसाला दर आठवड्याला लिहून द्यावं लागतं की मी काम करायला तयार आहे, शोधतोय, या आठवड्यात एवढी कमाई झाली. चूक तिथेच होते. परतफेडीची नोटीस आली की त्यावर अपिलाची मुदत छापलेली असते आणि ती फार थोडी असते, आधी ती बघायला सांगा. आपल्यापेक्षा एक गोष्ट तिकडे बरी आहे, चूक माणसाची नसेल आणि परत घेणं अन्यायाचं ठरत असेल तर बऱ्याच राज्यांत माफीचा अर्ज करता येतो. तो अपिलापेक्षा वेगळा अर्ज आहे, दोन्ही टाकायचे. पण फसवणूक ठरली तर रकमेवर कमीत कमी १५ टक्के दंड चढतो आणि माफीचं दार बंद होतं. भरले नाहीत तर पुढच्या वेळच्या भत्त्यातून कापून घेतात.

प्रश्न (जळगाव, मेहरूण): माझ्या मालकांची नोकरी गेलीये, भत्त्याचा क्लेम टाकलाय. तेवढ्या दिवसांत मुलीला ईएसआयच्या दवाखान्यात दाखवता येईल का, का नोकरी गेली म्हणजे कार्ड पण बंद?

उत्तर: ज्या दिवसांसाठी भत्ता मिळतो त्या दिवसांत उपचाराची सोय चालू राहते ताई, मालकांसोबत तुम्हा घरच्यांची पण. ई-पहचान कार्ड आणि आधार सोबत न्या, कार्डवर मुलीचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना ते आजच बघा. खिडकीवर कार्ड बंद दाखवलं तर क्लेमची पोच दाखवा, आणि तरी नाही म्हणाले तर शाखा व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज द्या.